घराभोवतीची वाट

शामण्णांनी दुरुस्त केलेली वस्तू ओळखणं अजिबात अवघड नव्हतं. ती दुरुस्त केलेली दिसायची. पांढऱ्या स्विचबोर्डाला एक पितळी स्क्रू, हिरव्या बादलीला तांब्याच्या तारेचा कान, कुकरच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर. आमच्या गल्लीत कुठल्याही घरात गेलात तरी असं काहीतरी दिसणारच, आणि मग घरातलं माणूस जरा हसून सांगणारच, ‘शामण्णांनी केलंय हो.’

मी मूळची कऱ्हाडकडची. आमच्या ह्यांची नोकरी म्हैसूरला आली म्हणून आम्ही आलो, आणि नजरबादच्या मागच्या गल्लीत शामण्णांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, भाषा येत नाही, माणसं माहीत नाहीत. सामान अजून खोक्यांत होतं आणि स्वयंपाकघराचा नळ धो धो गळत होता. तेवढ्यात दारात एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे. लुंगी, वर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेनाऐवजी टेस्टर.

‘नळाचा आवाज येतोय तुमच्या,’ म्हणाले. ‘आमच्याकडं ऐकू येतंय की.’

मराठी! मला तर रडूच आलं. म्हटलं, ‘तुम्ही मराठी?’

‘होय की. आमचे पणजोबा आले ते इथंच राहिले. आमची मराठी तुम्हाला स्वल्प वाकडी वाटेल, इरली बिडी, राहू दे. जुनी चप्पल आहे का?’

चप्पल कशाला, ते कळेना. मी ह्यांची फाटकी रबरी चप्पल दिली. त्यांनी ती चक्क कापली, तिच्यातून गोल तुकडा काढला, नळात बसवला, आणि नळ बंद झाला. निघताना म्हणाले, ‘उघडून बघा आता.’ मी म्हटलं, ‘बंद झाला ना, मग?’ तर म्हणाले, ‘बंद कुणीही करतंय वहिनी. उघडतंय का ते बघायचं.’

हे त्यांचं ठरलेलंच. काहीही दुरुस्त केलं की शेवटी, ‘उघडतंय का बघा.’ डिंक, फेविकॉल, सिमेंट ह्यांचा त्यांना मनापासून राग. सगळं स्क्रूनं, तारेनं, बोल्टानं. वस्तू पुन्हा कधी बिघडणार नाही असं त्यांनी आयुष्यात म्हटलं नाही. उलट ती बिघडणारच, आणि तेव्हा जो कुणी ती उघडायला बसेल त्याची त्यांना आतापासूनच काळजी. म्हणून तर स्क्रू वेगळ्या रंगाचा. ‘त्या माणसाला कळायला पाहिजे, कुठून सुरू करायचं ते.’

आता, सगळंच नीट जमायचं असंही नाही हं. माझ्या मसाल्याच्या कपाटाचं दार त्यांनी बिजागऱ्या बदलून दिलं ते उलट्या बाजूनं उघडायला लागलं. सांगितल्यावर कपाटाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही डावीकडं उभ्या राहा की.’ मी अजूनही, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कपाटापुढे, डावीकडंच उभी राहते. न्हाणीघराबाहेरची फळी लावून दिली ती एका अंगाला कलली. त्यावर त्यांचा सल्ला, ‘लिंबं तेवढी ठेवू नका.’

नोकरी त्यांची सरकारी कचेरीत, कारकुनाची. तिथंही म्हणे साहेबांची खुर्ची कुरकुरली की ह्यांनाच बोलावणं. निवृत्त झाले आणि गल्लीची चैन झाली. घरातल्या कामांना मात्र सवड नसायची, असं सरूअक्का म्हणायच्या. सरूअक्का म्हणजे त्यांची बायको, सरस्वती. ठेंगणी, गोरी, केसांत सदा मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, वेणी, आणि जिभेला अशी धार की शामण्णांच्या पटाशीनं झक मारावी.

‘आमच्या घरात फक्त मीच दुरुस्त व्हायची राहिलेय,’ म्हणायच्या. ‘माझ्यावर स्क्रू बसत नाही म्हणून.’

‘कुठल्या रंगाचा पाहिजे ते सांग,’ शामण्णा म्हणायचे.

त्या दोघांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. आयुधपूजेचा दिवस होता. आपल्याकडं खंडेनवमीला करतात तेच, पण म्हैसुरात त्याचा थाट वेगळा. बसेस, रिक्षा, शिलाईची मशिनं, सगळ्यांना हार. शामण्णांनीही पाटावर हत्यारं मांडून पूजा केलेली. हातोडी, पक्कड, करवत, सगळ्यांना हळदकुंकू, वर शेवंती. आणि नियम असा की पूजेला ठेवलेलं हत्यार विजयादशमीला काढेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ते विश्रांतीला.

नेमके त्याच सकाळी आमचे हे आंघोळीला गेले आणि न्हाणीघराचं लॅच बिघडलं. गोल मूठ फिरतेय, फिरतेय, दार काही उघडत नाही. हे आतून ओरडताहेत. मी धावत शामण्णांकडं. ते आले, दार बघितलं, आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

‘अय्यो वहिनी, आज हत्यारं देवाची आहेत.’

‘अहो, माणूस अडकलाय आत!’

‘हवा आहे की आत. पाणी पण आहे.’

आतून हे म्हणाले, ‘शामण्णा, मी ऐकतोय!’

मग त्यांनी माझं उलथणं मागितलं. ते फटीत सरकवणार, इतक्यात मागून आलेल्या सरूअक्का म्हणाल्या, ‘उलथणं आयुध नव्हे होय? मी सकाळी आमच्या उलथण्याला कुंकू लावलंय. बायकांची हत्यारं चालतात वाटतं वापरायला?’

शामण्णांनी निमूट उलथणं खाली ठेवलं. सुरी? ती तर हत्यारच. कात्री, तेच. चमचा? सरूअक्कांनी नुसतं बघितलं. घरात हत्यार नाही अशी एक वस्तू सापडेना. शेवटी शामण्णांनी पाकिटातून आधार कार्ड काढलं. ‘हे आयुध नव्हे. हे सरकारी.’ आणि ते फटीत घालून असं काही सरकवलं की खट्कन दार उघडलं. आमचे हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, एवढे संतापलेले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते पण तेच.

सरूअक्का अशा होत्या. म्हणून तर पुढचं कुणालाच लवकर कळलं नाही. शब्द विसरला की त्या चेष्टेनं वेळ मारून न्यायच्या. आमटीत मीठ दोनदा पडलं तर, ‘तुमचं प्रेम कमी पडू नये म्हणून,’ म्हणायच्या. मग एकदा त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही नवीन आलात का गल्लीत?’ मी हसले. त्या हसल्या नाहीत.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. औषधं सुरू झाली. आणि त्यांना एक लागलं, संध्याकाळ झाली की ‘मी घरी जाते.’ त्यांचे वडील तलकाडला शाळामास्तर, लहानपण तिथलं. ‘आई वाट बघत असेल,’ म्हणायच्या आणि पदर खोचून निघायच्या. शामण्णा समजावत, ‘हेच की तुझं घर.’ त्यावर अशा बघायच्या, जसं परक्या माणसानं हात धरावा. एकदा शामण्णांचा डोळा लागला आणि अक्का निघून गेल्या. सगळी गल्ली शोधायला बाहेर. बन्नीमंटपाच्या मैदानाकडं सापडल्या, अनवाणी, एका रिक्षावाल्यानं ओळखून बसवून आणल्या.

त्यांचा मुलगा किरण बेंगळुरूहून त्याच दिवशी आला. चांगला मुलगा, आईवर जीव. मी डबा घेऊन गेले तर बापलेकांचं चाललेलं.

‘बाबा, गेटला कुलूप लावा. आतून, बाहेरून, दोन्हीकडून.’

‘नाही लावणार.’

‘मग माझ्याकडं चला. नाहीतर तिथं एक जागा आहे, अशा लोकांना नीट सांभाळतात. मी बघून आलोय.’

‘तिथं कुलूप असतंय?’

किरण मग हळूच म्हणाला, ‘पुढच्या वेळी ती रिक्षाखाली आली तर काय करायचं, सांगा मला. दसऱ्यापर्यंत बघतो बाबा. काही जमलं नाही तर घेऊन जाणार तिला.’

म्हणजे आता हे असं होऊन बसलं. कुलूप लावायचं नाही, आणि ती जायला नको. ह्या दोन्हींच्या मध्ये शामण्णांना काहीतरी करून दाखवायचं होतं, नाहीतर अक्का ह्या घरात राहत नव्हत्या. एवढी गल्लीची कामं केली माणसानं, पण ह्या कामाला कुठून सुरू करायचं ते दाखवणारा स्क्रू कुठं दिसेना.

आणि एक दिवस त्यांना वाटलं, सापडलं. झालं असं, कसला तरी सण होता आणि समोरच्या मुलींनी शामण्णांच्या गेटसमोरसुद्धा मोठी रांगोळी काढलेली. अक्का संध्याकाळी निघाल्या, गेट उघडलं, आणि थांबल्या. रांगोळीवर पाय कसा द्यायचा? कडेनं जागा शोधली, नव्हती. निऱ्या सावरून उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. सगळं विसरल्या होत्या, पण रांगोळी तुडवायची नाही हे पायांना पाठ होतं.

दुसऱ्याच दिवशी शामण्णांनी पांढरा ऑइलपेंट आणला. गेटाच्या आत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अशी रांगोळी रंगवली की एक पाऊल ठेवायला जागा नाही. कमळं काढली होती म्हणे, मला ती कोबीसारखी वाटली. पण काय सांगू, चालली की! अक्का रोज यायच्या, बघायच्या, ‘छान काढलीय,’ म्हणायच्या आणि परत जायच्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. किरणनं फोनवरून शाबासकी दिली. स्वतः शामण्णा चोरासारखे कडेकडेनं उड्या मारत बाहेर पडायचे.

मग एका शुक्रवारी मी अक्कांना देवळात घेऊन गेले. जाताना त्यांना मागच्या दारानं, आमच्या परसातून नेलं. येताना रिक्षा होती, थेट गेटाशी उतरलो. मी गेट उघडलं. अक्का आत येईनात.

‘या ना अक्का.’

‘कशी येऊ? दारभर काढून ठेवलीय. कुणाचं घर आहे हे?’

शामण्णा बाहेर आले. ‘ये की सरू. आपलंच घर.’

‘आपलं असतं तर वाट ठेवली असती,’ अक्का म्हणाल्या. ‘ह्या लोकांना कुणी यायला नकोय. चला वहिनी, आपण जाऊ.’

शामण्णांनी गोणपाट आणून टाकलं. अक्का म्हणाल्या, ‘खाली आहे की ती.’ मी स्वतः चालून दाखवलं, तर माझ्यावर रागावल्या; मागच्या दारानं चला म्हटलं, तर म्हणाल्या, ‘मी काय चोर आहे?’ रस्त्यावर ऊन, त्या हातात देवळातलं फूल घेऊन उभ्या, स्वतःच्या दारात, परक्या. आणि माझ्यासमोर तो म्हातारा माणूस आत गेला, खरवडणी आणि टर्पेंटाइन घेऊन आला आणि गुडघ्यांवर बसला. पावलाएवढी वाट मोकळी केली. अक्का त्यावरून नीट पाऊल टाकत आत आल्या, म्हणाल्या, ‘आता कसं,’ आणि घरात गेल्या.

मला वाटलं झालं. पण शामण्णा उठेनात. उरलेली सगळी रांगोळी खरवडत बसले, दिवस मावळेपर्यंत. मी चहा घेऊन गेले तेव्हा वर न बघताच म्हणाले, ‘चुकलं की वहिनी. कुलूपच लावलं मी. पांढऱ्या रंगाचं होतं एवढंच.’

त्यानंतर काही दिवस ते गल्लीत कुणाकडं गेले नाहीत. अक्का चालायच्या आणि हे मागून, असं दोघं संध्याकाळी कुठच्या कुठं जाऊन यायचे, आणि शामण्णांचे गुडघे बोलायला लागले होते. मग एका सकाळी त्यांच्या घराच्या बाजूनं धडाधडा आवाज. मी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. घराच्या कडेला जो बोळ होता त्यात वर्षानुवर्षांचं सामान कोंबलेलं, मोडकी खाट, फुटकी टाकी, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले पाइप. ते सगळं शामण्णा बाहेर काढत होते. बोळ आणि परस ह्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती, तिच्यावर छिन्नी हातोडा चाललेला.

‘काय करताय शामण्णा?’

‘ती घरी जाते म्हणते ना,’ ते धापा टाकत म्हणाले. ‘मग जाऊ दे की. जायला वाट पाहिजे.’

‘तलकाडला?’

‘स्वल्प जवळ.’

आमच्या ह्यांनी भिंत पाडायला हात लावला. समोरच्या घरातले दोघं तरुण जावईबापू सुट्टीत आले होते, त्यांनाही जुंपलं. टाकीचे जुने पाइप घासून, एकमेकांना जोडून शामण्णांनी कठडा केला. तो पुढच्या दाराच्या पायरीपासून सुरू व्हायचा, घराच्या कडेनं बोळातून जायचा, परसाला वळसा घालायचा आणि मागच्या दाराशी संपायचा. पायरी उतरली की हात आपोआप पाइपावर पडणार. जिथं वळण, तिथं काथ्याची दोरी गुंडाळलेली, म्हणजे हाताला कळावं. गेटाला साधी कडी आणि सायकलची घंटी, एवढंच.

परसात फरशी बसवायची होती म्हणून वाळू आणून टाकली होती. तिथं मात्र अक्कांनी त्यांच्याआधी काम उरकलं. त्या पहिल्याच संध्याकाळी पाइप धरून बोळातून आल्या, वाळूशी थांबल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी वाळूतून चालायला लागल्या. चेहरा असा उजळला म्हणता! तलकाडला देवळं सगळी वाळूत, पोरं वाळूतच मोठी होतात. शामण्णा फरशी घेऊन उभेच राहिले. मग त्यांनी फरशा परत केल्या, वाळू चाळून, खडे काढून, पाणी मारून दाबून बसवली आणि तशीच ठेवली.

खरं काम त्यापुढचं. दिवेलागणीला अक्का म्हणायच्या, ‘मी जाते हं घरी.’

‘जा की,’ शामण्णा म्हणायचे. ‘शाल घे. गार आहे.’

त्या पायरी उतरल्या की शामण्णा घरातून लुंगी सावरत मागच्या दाराकडं. दार सताड उघडायचं, दिवा लावायचा आणि उभं राहायचं. अक्का वळसा घालून यायच्या.

‘बन्नी बन्नी, या या! दमलीस का? प्रवास बरा झाला?’

‘बरा झाला. बसला गर्दी होती,’ अक्का म्हणायच्या. आत येऊन पाय धुवायच्या, कॉफी घ्यायच्या. घर तेच, भांडी तीच, पण आता त्या घरी आलेल्या असायच्या. कपाळावरची आठी गेलेली. मग हळूच विचारायच्या, ‘आमचे ते आले नाहीत का?’

‘येतील की,’ शामण्णा म्हणायचे. ‘कामात असतील.’

मी एकदा विचारलं, ‘तुम्हाला वाईट नाही वाटत? तुमच्यासमोर बसून तुमची चौकशी करतात.’

‘चौकशी करतेय ना,’ ते म्हणाले. ‘ज्याला विसरली त्याची कोण चौकशी करतंय?’

दसऱ्याला किरण आला. पहिल्या संध्याकाळी आईच्या मागून कठड्याला हात लावत चालत गेला. मागच्या दारात बाप उभा, ‘बन्नी बन्नी’ म्हणत. आईपाठोपाठ तोही आत गेला. मी भिंतीवरून बघत होते, मला वाटलं आता विषय निघणार. बऱ्याच वेळानं तो परसात आला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, ‘बाबा, त्या वळणावर अंधार आहे. तिथं एक दिवा पाहिजे.’

‘होल्डर आहे घरात,’ आतून आवाज आला. ‘तू शिडी धर.’

झालं. त्या वर्षी नेण्याचा विषय निघाला नाही, पुढंही नाही. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, किरण महिन्याला येऊन जातो. अक्का तिथंच आहेत, त्यांच्याच घरात.

मी मात्र निघाले. आमचे हे गेल्यावर लेक म्हणाली, पुण्याला ये, आणि आले. निघायच्या आदल्या संध्याकाळी शामण्णा माझ्याशी बोलायला म्हणून गेटापर्यंत आले होते. अक्का नेहमीसारख्या शाल घेऊन निघाल्या, पायरी उतरल्या, बोळाकडं वळल्या. शामण्णा घाईनं मागं फिरले, आणि वाऱ्यानं पुढचं दार धाडकन लागलं. लॅच आतून. घरातून मागं जायची वाट बंद.

दोन क्षण ते दाराकडं बघत राहिले. हत्यारं आत, आधार कार्ड आत. मग त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि अक्कांच्या मागून निघाले. गुडघे धरलेले, एक एक पाऊल. मी आमच्या बाजूनं भिंतीच्या कडेकडेनं त्यांच्याबरोबर चालत राहिले. काळजी हीच की मागचं दार नुसतं लोटलेलं, तिथं आज कुणी नाही, अक्का घाबरतील, परत फिरतील.

परसातलं वळण आलं. दार उघडं होतं. आत दिवा लागलेला. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, पाय धुतलेले, पदर खोचलेला, आणि वाळूतून येणाऱ्या शामण्णांकडं बघत होत्या.

‘आलात का?’ त्या म्हणाल्या. ‘किती वाट बघायची माणसानं! या, आत या. आई कॉफी टाकतेय.’

शामण्णांनी खाली वाकून चपला काढल्या आणि आत गेले.